बसऱ्याला गेलेली माणसं

आमच्या आजीचे थोरले दीर बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'बसऱ्याला गेलेले' म्हणत. साताऱ्याकडच्या आमच्या गावात अशी आणखीही घरं होती. बसरा म्हणजे नेमकं कुठं, हे आजीला ठाऊक नव्हतं. मुंबईच्या बंदरावरून बोट जाते आणि तिथं खजुराची झाडं आहेत, एवढंच ती सांगायची. पलटणीचा नंबरही कधी एकशेदहा सांगायची, कधी एकशेसतरा. दोन्ही मराठा पलटणीच होत्या आणि दोन्ही पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या, त्यामुळं तिचं कुठलंही म्हणणं खोटं धरता येत नाही.

चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असलं की आजीला हा विषय सुचायचा. थोरल्यांना ते फार आवडायचं म्हणे, वर लसणाची फोडणी आणि सोबत बाजरीची कालची भाकरी. "माडग्याला नाही म्हणणारा माणूस नव्हता, पर भरतीलाबी नाही म्हणाला नाही," असं ती म्हणायची.

भरतीला ते का गेले, याच्या घरात दोन कथा होत्या. आजोबा सांगायचे, पाटलानं गावाच्या इभ्रतीची शपथ घातली. आजी सांगायची, दोन सालं पाऊस नव्हता आणि सावकाराकडं बैल अडकले होते. शिपायाला तेव्हा महिना 11 रुपये पगार होता. तिच्या सासूबाईंनी म्हणे तीन दिवस चूल पेटवली नाही, चौथ्या दिवशी मात्र स्वतःच दशम्या बांधून दिल्या. मला आजीचीच कथा खरी वाटते. इभ्रतीसाठी गेलेल्या मुलाच्या आईनं चौथ्या दिवशी दशम्या बांधल्या नसत्या.

हे सगळं इतक्या वर्षांनी वर आलं ते आयर्लंडमध्ये, गॉलवेत. लेकीचं बाळंतपण म्हणून गेले आणि नातवाच्या पायी राहतच गेले. जावई हृदयात बसवायचे स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. त्या गावात हा धंदा मोठा. पाऊस मात्र असा, की कपडे वाळत घालणं हा दिवसभराचा उद्योग होऊन बसतो. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहतात. दुपारी सोडा ब्रेड आणि कडक चहा घेऊन बसायचं, मी थालीपीठ न्यायचं, असा आमचा रिवाज पडला. त्यांना भाजणीचा वास इतका आवडला, की पिठाचा डबा त्यांनी माझ्याकडून मागूनच घेतला.

एकदा त्यांनी कपाटातून एक ब्राँझची चकती काढली. तळहातापेक्षा मोठी, जड, कडेला हिरवट पडलेली. सिंहाशेजारी हातात हार धरलेली ब्रिटानिया, पाण्यात खेळणारे दोन डॉल्फिन आणि चौकटीत उठावाची अक्षरं असलेलं एक नाव. नुसतं नाव, हुद्दा नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढताना मेलेल्या प्रत्येकाच्या घरी गेलेल्या या चकतीवर जनरल आणि शिपाई सारखेच. तिकडं तिला 'मेलेल्या माणसाची पेनी' म्हणतात. ही होती त्यांच्या वडिलांच्या चुलत्याची. "मेसोपोटेमिया, 1916," आजी म्हणाल्या. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

ते कॉनॉट रेंजर्समध्ये होते. या रेजिमेंटचं ठाणं गॉलवेतच, रेनमोरच्या बराकीत. तिची पहिली बटालियन 1914 साली आपल्या फिरोजपूरला होती. तिथून लाहोर डिव्हिजनबरोबर ती फ्रान्सला गेली आणि 1916 च्या सुरुवातीला तैग्रिस नदीच्या काठी उतरली. कूतमध्ये अडकलेली फौज सोडवायची होती. म्हणजे आत आमचे थोरले आणि बाहेरून वाट फोडायला आलेले यांचे चुलते. नदीला पूर, खंदकात गुडघाभर चिखल. बाहेरच्यांची त्या प्रयत्नांत सुमारे 23,000 माणसं जायबंदी झाली किंवा मेली. आत जवाचं पीठ अगदी थोडं उरलेलं. घोड्याचं मांस शिजायचं, पण आपल्या पुष्कळ शिपायांनी जवळजवळ शेवटपर्यंत त्याला हात लावला नाही. पालेभाजी नाही म्हणून त्यांच्या हिरड्या सडू लागल्या. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, तीही पुरली नाहीत. 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं. डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या इस्टरच्या उठावाचा पुढारी पॅड्रिक पिअर्स यानं शरणागती पत्करली तीही त्याच दिवशी.

कूतच्या कैद्यांतल्या हिंदी शिपायांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. आमचे थोरले वेढ्यात गेले की कैदेत तिकडं जाताना रस्त्यावर, हे घरात कुणालाच कळलं नाही. आजीच्या आठवणीतला तारेचा कागदही ती सांगेल तसा बदलायचा.

मी शेजारच्या आजींना विचारलं, त्यांचे चुलते भरती का झाले? आजी हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडं दोन कथा आहेत. मलाही हसू आलं.

पहिली कथा देशभक्तीची. आयर्लंडच्या होमरूलच्या कायद्यावर 18 सप्टेंबर 1914 ला राजाची सही झाली, पण लढाई संपेपर्यंत तो बाजूला ठेवला गेला. दोनच दिवसांनी पुढारी जॉन रेडमंड यांनी वुडनब्रिजला भाषण केलं, की आयरिश तरुणांनी लढाईवर जावं. आयरिश स्वयंसेवकांची संघटना त्यावरून दुभंगली. दुसरी कथा घराची. चुलते बंदरावर हमाली करायचे, कामाचा भरवसा नव्हता. भरती झाल्यावर सरकारकडून बायकोच्या हाती दर आठवड्याला भत्ता यायला लागला, मुलांमागं वेगळा. त्या बाईनं उधारीशिवाय पीठ आणलं ते तेव्हा पहिल्यांदा. आजींचा शब्द होता, "मग कशाला कुणी भाषण करायचं?"

पण हे शहरातलं. गॉलवेच्या आसपासचा शेतकरी मात्र हलला नाही. लढाईनं जनावरांचे आणि धान्याचे भाव वाढले होते, 1903 च्या जमीनखरेदीच्या कायद्यानंतर कितीतरी कुळं कसत्या जमिनीची मालक झाली होती, आणि मुलगा गेला तर पेंढा कोण रचणार? भरतीवाले बँड घेऊन यायचे, पदक मिळवलेले जखमी शिपाई गावोगाव फिरवायचे. शेतकरी बाजू ऐकून घ्यायचा आणि गुरांकडं परत जायचा. त्याला भित्रा म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. ज्याच्या घरात दोन वेळचं आहे त्याला मरणाचा हिशोब करायला सवड मिळते, एवढंच. 1914 आणि 1915 साली आयर्लंडमधून दरवर्षी चाळीस हजारांच्या वर माणसं गेली. 1916 मध्ये तो आकडा निम्म्याखाली आला.

मग 1918 चा मार्च आला. जर्मनांनी पश्चिमेला मोठी मुसंडी मारली, ब्रिटिशांना माणसं कमी पडली आणि दोन दारं एकाच वेळी ठोठावली गेली. एप्रिलमध्ये आयर्लंडवर सक्तीच्या भरतीचा कायदा केला. 21 एप्रिलच्या रविवारी चर्चच्या दारात लोकांनी विरोधाच्या शपथेवर सह्या केल्या, 23 ला देशात हरताळ पडला. आजींच्या घरी सांगतात, त्या भत्तेवाल्या विधवेनंही सही केली. इस्टरच्या आठवड्यात बंडखोरांना शिव्या देणाऱ्यांतही तीच होती. मला यात विसंगती दिसत नाही. एक माणूस तिनं दिला होता, दुसरा द्यायची तिची तयारी नव्हती.

दुसरं दार आपलं. त्याच एप्रिलच्या अखेरीस दिल्लीत युद्धपरिषद भरली. टिळकांना तिथं बोलावलं नाही. 10 जूनला मुंबईच्या परिषदेत ते स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना थांबवलं आणि ते उठून बाहेर पडले. आजोबा हा प्रसंग गावच्या वाचनालयात ऐकल्यासारखा रंगवून सांगायचे. त्या वेळी ते किती मोठे असतील याचा मेळ मात्र बसत नाही. हिंदी माणसाला अधिकारीपद देणार असाल तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, असं सांगून टिळकांनी गांधीजींकडं पन्नास हजारांचा धनादेश हमी म्हणून पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला आणि स्वतः खेडा जिल्ह्यात भरतीसाठी वणवण केली.

आणखी एक गोष्ट आजी हळू आवाजात सांगायची. ज्या महार मंडळींना पूर्वी पलटणीत मान होता त्यांना 1890 च्या दशकात दार बंद झालं होतं. 1917 साली माणसं कमी पडताच 111 वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. आमच्या गावातलाही एकजण त्यातून परत आला आणि पुन्हा वेशीबाहेरच राहिला. त्याचा अंगरखा आजीनं पाहिला होता. ते आठवताना तिचा आवाज बदलायचा.

कॉनॉट रेंजर्सचं पुढं काय झालं, तेही आजींनी सांगितलं. 1920 च्या जूनमध्ये घरच्या दडपशाहीच्या बातम्या ऐकून जालंधरला त्यांच्या जवानांनी बंदूक खाली ठेवली. त्या बंडातल्या जेम्स डॅलीला नोव्हेंबरमध्ये डगशाईला गोळ्या घातल्या. 1922 मध्ये रेजिमेंटच मोडली. रेनमोरच्या बराकीला आता लियम मेलोजचं नाव आहे, गॉलवेतल्या उठावाचा म्होरक्या. त्या चुलत्याचं नाव घरात पन्नास वर्षं कुणी काढलं नाही, म्हणाल्या. ब्रिटिश गणवेश घालून मेला तो.

मी त्यांना बसऱ्याच्या स्मारकाबद्दल सांगितलं. तिथं चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. कॉनॉट रेंजर्सचे शिपाई नावानिशी कोरलेत. आपल्याकडचे सुभेदार-जमादार आहेत, साधे शिपाई मात्र नाहीत. त्यांची पलटणीवार संख्या तेवढी. आजींना ते खोटंच वाटलं. पुन्हा पुन्हा विचारलं त्यांनी, "नाव नाही? नावच नाही?" मग माझ्या थोरल्यांचं नाव लिहून मागितलं. ते मला ठाऊक होतं, आजोबांनी एकदा शेताच्या उताऱ्यावर दाखवलं होतं म्हणून.

स्मारकावरून आठवलं, आमच्या साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले, इंग्रजांनी तिथं दगड उभा केलाय. त्या गावातून अजून पोरं भरतीला जातात, पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. 2022 साली अग्निपथ योजना आली तेव्हा मी गावीच होते. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या चौघांत एक पुढं कायम. आमच्या भावकीतली एक सून पोराचा अर्ज हातात धरून माझ्याकडं आली होती. तिनं लढाईचं काही विचारलं नाही. "काकी, बाकीच्या तिघांना पेन्शन नाही म्हणतात, मग चार वर्षांनी त्यांनी काय करायचं?" एवढंच तिचं म्हणणं होतं.