सूक्ष्म नलिकेतील ज्योत

ईशान्य इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण मृत्युमुखी पडले. ज्या ज्वालाग्राही वायूमुळे असे स्फोट होत, त्याला खाणकामगार ‘फायरडॅम्प’ म्हणत. यातील ‘डॅम्प’चा मूळ अर्थ ओलावा नसून वाफ असा आहे. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन होय.

हंफ्री डेव्हीने १८१५ मध्ये या प्रश्नाचा विचार करताना ज्योत कशी पसरते याचा प्रयोगपूर्वक शोध घेतला. पाव इंच व्यासाच्या, एक फूट लांब नळीतून पलीकडे जाण्यास ज्योतीला एक सेकंदाहून अधिक काळ लागला. एक सप्तमांश इंच व्यासाच्या काचेच्या नळीत तर मिश्रणाचा स्फोट होईचना. नळीचा व्यास निम्मा केला की आतील वायूच्या घनफळाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ दुप्पट होते. ज्वलनाने निर्माण होणारी उष्णता भिंत हिरावून घेते आणि ज्योत विझते. जाळीचे छिद्र म्हणजे अत्यंत आखूड नळीच, हे ओळखून डेव्हीने दिव्याभोवती चौरस इंचास ७८४ छिद्रे असलेली तारेची जाळी बसविली. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत या दिव्याची परीक्षा झाली. जॉर्ज स्टीफन्सननेही १८१५ मध्येच स्वतंत्रपणे सुरक्षादीप तयार केला होता. त्यामुळे श्रेयाचा कटू वाद उद्भवला.

तथापि या संरक्षणाला मर्यादा होती. जाळी तापून लाल झाली किंवा वायूचा झोत जोराचा असला, की ज्योत बाहेर पडू शके. म्हणजे ज्योतीचे जगणे केवळ छिद्राच्या आकारावर नव्हे, तर उष्णतेच्या जमाखर्चावर अवलंबून असते. १८१७ मध्ये डेव्हीनेच आणखी एक गोष्ट दाखविली: तापलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायू व हवा यांच्या मिश्रणात ज्योतीवाचून तेजाळत राहते, कारण ज्वलन तिच्या पृष्ठभागावरच चालू असते.

१९९० नंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सिलिकॉनच्या चकत्यांमधून चिमुकली वायुचक्की घडविण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा हाच नियम आड आला. खाणीत ज्योत विझविणे हे इष्ट होते. येथे तीच टिकवायची होती. त्यासाठी दोन उपाय योजले गेले: भिंतीवाटे जाणारी उष्णता रोखणे आणि प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर ज्वलन घडविणे. या दोन्ही उपायांमागील तत्त्वे डेव्हीच्या प्रयोगांतच दिसून आली होती.