मुळशीचे पाणी आणि कार्बनचा ताळेबंद

पौड मागे टाकून ताम्हिणीच्या वाटेला लागले म्हणजे मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी अडविलेला जो विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो, त्याच्या तळाशी एके काळी आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे, देवळे, वाड्या आणि पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली गावे होती. जे पाणी निसर्गतः मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळावयाचे, ते १९२७ पासून सह्याद्रीचा माथा ओलांडून तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील भिरा येथे उतरविले गेले, तेथील चक्रे फिरवू लागले आणि कुंडलिकेच्या पात्रातून अरबी समुद्रास जाऊ लागले. त्यातून निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांस व आगगाड्यांस मिळाली. धूर ओकणाऱ्या कोळशाच्या जागी पाण्याची स्वच्छ शक्ती आली, असा या योजनेचा लौकिक झाला, आणि तो खोटा नव्हता.

परंतु त्या स्वच्छतेची किंमत कोणी चुकती केली, हा प्रश्न मावळातील रयतेने १९२१ सालीच विचारला होता. या योजनेसाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली, आणि शेतकऱ्यांची परवानगी न घेताच त्यांच्या खाचरांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले. पन्नासाहून अधिक गावे व सुमारे ११,००० माणसे या योजनेच्या कक्षेत येत होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बांधकामाच्या जागी ठाण मांडून काम बंद पाडण्यास मावळ्यांनी आरंभ केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती, आणि पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी होते. काही काळ काम थांबले, पण वर्षअखेरीस ते पुन्हा सुरू झाले, आणि पाठोपाठ तुरुंगवासाच्या शिक्षाही. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. १९२४ मध्ये त्यांनी कामगारांची आगगाडी सशस्त्र अडविली व सात वर्षांची शिक्षा पत्करली.

या लढ्याच्या इतिहासातील मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट मात्र रणाची नसून दप्तराची आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये मोबदला मिळावयाचा तो कागदोपत्री मालकास, आणि मुळशी पेट्यातील बरीच जमीन कर्जापायी पुण्यातील सावकारांच्या नावे चढलेली होती. भरपाईचा आकडा वाढवून घेण्यात या सावकारांस स्वारस्य होते. नांगर धरणाऱ्या कुळास हवी होती ती जमीन. एकाच धरणाविषयी एकाच बाजूस उभ्या राहिलेल्या या दोन वर्गांचा हितसंबंध असा फुटला, आणि लढा दुबळा होण्यास ते एक मोठे कारण झाले. हिशेबात ज्याचे खातेच नाही, त्याचे नुकसान हिशेबनिसास दिसत नाही.

आज ज्यास कार्बन ऑफसेट म्हणतात, तो व्यवहार याच जातीचा आहे. एका ठिकाणी होणारे उत्सर्जन अन्यत्र टाळलेल्या किंवा शोषलेल्या उत्सर्जनाने भरून निघाले असे मानावयाचे, आणि दर टन कार्बन डायऑक्साइडमागे, किंवा तितकीच उष्णता धरणाऱ्या अन्य वायूमागे, एक क्रेडिट विकावयाचे, हे त्याचे सूत्र. १९९७ च्या क्योटो करारातील बाराव्या कलमाने या व्यवहारास आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. सातारा जिल्ह्यातील पठारांवर आणि धुळ्याच्या साक्री तालुक्यात उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांच्या अनेक प्रकल्पांनी त्या कलमाखालील योजनेत नोंदणी केली. परीक्षेचा पहिला प्रश्न येथेच उपस्थित होतो: क्रेडिटचे पैसे मिळाले नसते, तर ती पवनचक्की उभी राहिली नसती काय? घसाऱ्यावरील प्राप्तिकराची भरघोस सवलत आणि विजेची विक्री यांच्याच बळावर ती उभी राहणार असेल, तर क्रेडिट विकत घेणाऱ्याने वातावरणातून काहीच कमी केले नाही. केवळ स्वतःच्या धुरास परवाना मिळविला. मुळशीचे धरणही नफ्याच्या हिशेबाने झाले होते, धूर कमी करण्याच्या व्रताने नव्हे. ते आजच्या निकषांवर तपासले असते तर या पहिल्याच प्रश्नावर नापास झाले असते. युरोपीय आयोगासाठी २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने क्योटो योजनेतील तपासलेल्या प्रकल्पांपैकी ८५ टक्क्यांविषयी हीच शंका नोंदविली.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून साधा आहे: न जाळलेला कोळसा न जाळलेलाच राहतो, परंतु लावलेले झाड वणव्यात किंवा कुऱ्हाडीखाली गेले की त्याने साठविलेला कार्बन परत हवेत जातो. धरणाचेही तसेच पाहावे लागते, कारण बुडालेली झाडी कुजून मिथेन सुटतो, आणि तो वजा केल्यावाचून पाण्याच्या विजेचा हिशेब पुरा होत नाही. मापकाची लबाडी तर याहून घातक. एचएफसी-२३ हा वायू नष्ट करण्याबद्दल टनामागे ११,७०० क्रेडिटे मिळत, त्यामुळे तो वायू निर्माण करणेच किफायतशीर ठरू शकते हे ध्यानी आल्यावर युरोपीय संघाने २०१३ पासून अशी क्रेडिटे नाकारली.

युरोपीय संघानेच २००४ मध्ये आणखी एक नियम केला. २० मेगावॅटहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचे क्रेडिट घ्यावयाचे, तर विस्थापितांच्या हक्कांसंबंधीचे जागतिक धरण आयोगाचे निकष पाळलेले असावेत, असा त्याचा आशय होता. मुळशीच्या रयतेने मागितली ती गोष्ट कागदावर येण्यास ८३ वर्षे लागली.

आपल्या देशात २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली असून, तीत ऑफसेटचीही तरतूद आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्या उद्या मावळातील किंवा गडचिरोलीतील एखाद्या टेकडीवरील झाडांचे क्रेडिट विकत घेतील. त्यांना माझी विनंती एवढीच, की प्रमाणपत्रावरील टनांची संख्या वाचण्यापूर्वी त्यांनी त्या टेकडीवर गुरे चारणाऱ्या, सरपण वेचणाऱ्या व नावावर सातबारा नसलेल्या माणसांची यादी आणि तेथील ग्रामसभेचा ठराव मागावा. ते दोन कागद नसतील, तर व्यवहार करू नये.