दुव्यांची देवघेव : मराठी संकेतस्थळांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण (पुण्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी नियतकालिकांत ‘साभार पोच’ या सदराची परंपरा जुनी आहे. पुस्तक अथवा अंक भेटीदाखल यावा, त्याची नोंद छापली जावी आणि पुढे आपलाही अंक तिकडे जावा, हा व्यवहार संपादकांच्या अंगवळणी पडलेला होता. लग्नघरातील आहेराच्या वहीप्रमाणे कोणी काय दिले याचे स्मरण ठेवले जाई. परंतु त्या नोंदीवरून ग्रंथाची योग्यता ठरत नसे. परीक्षण ही निराळी गोष्ट होती. संगणकाच्या जालावर मात्र पोच आणि परीक्षण यांतील हे अंतर पुसले गेले. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा देणे, हाच त्याच्या योग्यतेचा पुरावा मानला जाऊ लागला. हे कसे घडले आणि मराठीच्या संदर्भात त्याचे स्वरूप काय होते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उल्लेख ते मूल्य

या कल्पनेचे मूळ ग्रंथालयशास्त्रात आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेची विज्ञान-संदर्भसूची प्रसिद्ध झाली. कोणत्या लेखाचा उल्लेख इतर किती लेखांनी केला, हे त्यातून मोजता येऊ लागले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी हेच तत्त्व जालास लावले. राजीव मोटवानी व टेरी विनोग्राड यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेल्या अहवालाच्या शीर्षकातच ‘संदर्भांवरून क्रमवारी’ हा आशय आहे. त्यांच्या रीतीनुसार प्रत्येक पान आपले वजन स्वतः दिलेल्या दुव्यांत वाटून देते. ज्या पानाकडे वजनदार पानांचे दुवे येतात ते पान वर चढते. यालाच ‘पेजरँक’ म्हणतात.

वस्तुतः दुव्यांचा व्यापार याआधीच सुरू झाला होता. टोनी शे व संजय मदन यांनी १९९६ मध्ये काढलेल्या ‘लिंकएक्स्चेंज’मध्ये सभासदाने इतरांच्या दोन जाहिरातपट्ट्या दाखवाव्यात व मोबदल्यात आपली एक पट्टी अन्यत्र झळकवावी, असा हिशेब होता. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये ही कंपनी सुमारे साडेसव्वीस कोटी डॉलर्सना विकत घेतली. तेथे मात्र सौदा वाचकाच्या नजरेचा होता. डिसेंबर २००० मध्ये गुगलच्या टूलबारवर पेजरँकचा शून्य ते दहा असा आकडा सर्वांना दिसू लागला आणि सौदा यंत्राच्या नजरेचा झाला. ‘तुमचा पाच, आमचाही पाच’ अशा बरोबरीने दुवे बदलले जाऊ लागले. सरळ अदलाबदल ओळखू येते म्हणून तिसरे संकेतस्थळ मध्ये घालून त्रिकोणी देवघेवही होऊ लागली. परदेशी ग्राहकांसाठी असे दुवे जुळवून देणे हे भारतातील लहानमोठ्या संगणक व्यावसायिकांच्या उपजीविकेचे एक साधन बनले.

मराठीचे वेगळेपण

येथे पुण्याचा संबंध विशेष महत्त्वाचा ठरतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील सी-डॅकने भारतीय लिपींच्या संगणकीकरणात पुढाकार घेतला. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक मान्य झाले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ मुद्रणव्यवसायात सर्वत्र पोहोचली. परंतु त्या काळातील बहुसंख्य टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. वाचकाच्या डोळ्यांस ‘क’ दिसे. संगणकाच्या स्मृतीत मात्र भलतेच रोमन चिन्ह असे. टंक उतरवून न घेतल्यास वाचकालाही ती अगम्य चिन्हेच दिसत, हा अनुभव त्या पिढीतील प्रत्येकाने घेतला आहे.

याचा परिणाम शोधयंत्रावर काय झाला असेल, याचा विचार फारसा झालेला नाही. अशा पानावर मराठी मजकूर कितीही विपुल असो, यंत्राच्या लेखी तो निरर्थक अक्षरांचा ढीग होता. त्यामुळे वाचकाला ते पान सापडण्याचा मार्ग एकच उरे, तो म्हणजे दुसऱ्या कोणी दिलेला दुवा. पेज व ब्रिन यांच्या १९९८ च्या निबंधात दुव्याच्या शब्दांचे महत्त्व सांगितले आहे. ज्या पानाचा मजकूर वाचता येत नाही, त्याची ओळख इतरांनी त्याच्याकडे निर्देश करताना वापरलेल्या शब्दांवरून पटू शकते. प्रस्तुत लेखकाच्या मते, मराठी संकेतस्थळांतील परस्पर दुव्यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. ती क्रमवारीसाठी केलेली लबाडी नव्हती. अदृश्य भाषेला दृश्य करण्याचे ते एक साधन होते.

युनिकोडच्या प्रसाराने ही स्थिती पालटली. १९९६ पासून चालत आलेल्या ‘मायबोली’च्या जोडीला २००४ मध्ये ‘मनोगत’ व २००७ मध्ये ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे आली. व्यक्तिगत अनुदिन्यांची संख्या वाढली. ‘मराठी ब्लॉग विश्व’ या सूचीचे चिन्ह अनेक अनुदिन्यांच्या कडपट्टीत दिसे आणि त्याखाली मित्रांच्या अनुदिन्यांचे दुवे असत. ‘तुम्ही माझा दुवा दिलात, मीही दिला आहे’ या वाक्यात सौजन्य किती आणि हिशेब किती, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही होते, आहेरातही असतातच.

यंत्राचा प्रतिसाद

प्रतिपूर्तीच्या हेतूने दिलेल्या दुव्यांचे वजन वगळण्यासाठी गुगलने वेळोवेळी उपाय योजले. टिप्पण्यांतील जाहिरातबाजी रोखण्यासाठी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली. एप्रिल २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलाने कृत्रिम दुव्यांवर उभ्या राहिलेल्या असंख्य संकेतस्थळांचे स्थान घसरले. पेजरँकचा जाहीर आकडा २०१६ मध्ये बंद करण्यात आला. तपशिलात जाण्याचे येथे कारण नाही.

पुन्हा विद्यापीठाच्या अंगणात

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, हा रोग जेथून कल्पना उसनी घेतली त्या विद्याक्षेत्रातही पोहोचला. परस्परांच्या लेखांचे संदर्भ वाढवून प्रभावांक फुगविल्याबद्दल २०१३ मध्ये ब्राझीलमधील चार नियतकालिकांवर कारवाई झाली. आपल्याकडे २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या प्रकाशनांना गुण दिले आणि नियतकालिकांचे पेव फुटले. एका नियतकालिकाने प्रस्तुत लेखकास लेख स्वीकारताना ‘आमच्या मागील अंकांतील दोन लेखांचा उल्लेख करावा’ अशी अट घातली होती. त्या लेखांचा विषयाशी काहीएक संबंध नव्हता. उंटाच्या लग्नात गाढवाने गायिलेल्या गाण्याची सुभाषितातील गोष्ट मराठी वाचकास ठाऊकच आहे. लेख मागे घेतला, पण पदोन्नतीचा अर्ज एका वर्षाने लांबला, हेही नमूद केले पाहिजे.

या प्रश्नाच्या चिकित्सेतही पुण्याचा वाटा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची परीक्षा केली. विद्यापीठांनी सुचविलेल्या व अन्य सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे ‘केअर’ यादी तयार करण्याचे काम याच विद्यापीठातील कक्षाकडे आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केल्याचे जाहीर केले. आता नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी सूचक निकषांच्या आधारे संस्थांनी स्वतः पार पाडावयाची आहे. म्हणजे अंक उघडून तो वाचावा लागणार आहे.