मोन्तोनेचे सूर्यघड्याळ

इटलीतील मोन्तोने हे टेकडीवरचे तटबंदीचे गाव पाहताना पन्हाळा आठवला. दिवसभर दगडी बोळांतून हिंडलो; पाय थबकले ते सूर्यघड्याळापाशी. २०२३ साली उभारलेले हे स्मारक माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे. १० जुलै १९४४ रोजी तिबेरच्या वरच्या खोऱ्यात साथीदार मेले वा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने मशीनगनचे ठाणे मोडले. पुन्हा गोळ्या भरायला उसंत नव्हती. ते दस्त्याने लढले आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधी मात्र नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना दुसऱ्याच्या मुक्तीसाठी पडलेल्या या शिपायाला आपल्या इतिहासात कुठे बसवायचे? उत्तर न सापडताच टेकडी उतरलो.