बाँडपटांचे पार्श्वसंगीत : बॅरी आणि त्यांच्यानंतरचे

‘डॉ. नो’ (१९६२) या पहिल्या बाँडपटातली जगप्रसिद्ध धून मॉन्टी नॉर्मन यांच्या नावावर आहे, पण ती मुळात हेरपटासाठी बांधलेलीच नव्हती. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबावरील कादंबरीची संगीतिका करायचे घाटत होते. तिच्यासाठी केलेली आणि पडून राहिलेली चाल नॉर्मन यांनी इथे आणली. जॉन बॅरी यांनी तिचे वाद्यवृंदासाठी संयोजन केले आणि व्हिक फ्लिक यांनी ती इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली. श्रेयाचा वाद लंडनच्या न्यायालयात गेला; २००१ मध्ये नॉर्मन यांनी ‘संडे टाइम्स’विरुद्धचा बदनामीचा दावा जिंकला. चाल नॉर्मन यांची, पण ऐकताच अंगावर काटा आणणारा तिचा बाज बॅरींचा, असे म्हणणे दोघांनाही न्याय देणारे ठरेल.

१९६३ ते १९८७ या काळात बॅरींनी अकरा बाँडपटांना संगीत दिले. रसिकांच्या सगळ्या तुलना आजही त्यांच्याशीच होतात, आणि ते योग्यच आहे. शीर्षकगीताची चाल मोडून, लांबवून, कधी पितळी वाद्यांवर तर कधी व्हायोलिनवर देऊन ती चित्रपटभर खेळवत ठेवायची, ही त्यांची पद्धत. ‘गोल्डफिंगर’मध्ये (१९६४) शर्ली बॅसी यांनी गायलेल्या गाण्याचे सूर खलनायकाची सावली होऊन वावरतात. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये (१९६९) श्रेयनामावलीवर गाणेच नाही, मूग सिंथेसायझरच्या खर्जावर पितळी वाद्ये चढत जातात. त्याच चित्रपटात लुई आर्मस्ट्राँग यांनी गायलेले प्रेमगीत आहे. बर्फावरचा थरार आणि करुण शेवट, दोन्ही एकाच संगीतात इतके सहज सामावले आहेत की अनेक जाणकार या चित्रपटाला पहिला क्रमांक देतात.

मधल्या काळात जॉर्ज मार्टिन, मार्व्हिन हॅम्लिश आणि बिल कॉन्टी येऊन गेले. हॅम्लिश यांनी १९७७ मध्ये बाँडच्या धूनला डिस्कोचा ठेका दिला. बॅरींच्याच ‘ऑक्टोपसी’त (१९८३) उदयपूरमध्ये गारुड्याच्या वेषातले विजय अमृतराज बाँडला ओळख पटावी म्हणून पुंगीवर तीच धून वाजवतात.

सर्वांत तीव्र मतभेद आहेत ‘गोल्डनआय’विषयी (१९९५). एरिक सेरा यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत निर्मात्यांनाही पुरते रुचले नव्हते. सेंट पीटर्सबर्गमधल्या रणगाड्याच्या पाठलागाचे संगीत जॉन ऑल्टमन यांच्याकडून नव्याने करून घेतले गेले. १९९७ मध्ये डेव्हिड अर्नोल्ड आले आणि बॅरींची परंपरा पुन्हा सुरू झाली. ‘कसिनो रॉयल’मध्ये (२००६) त्यांनी मूळ धून तुकड्यातुकड्यांनी सुचवत अगदी शेवटी पूर्ण वाजवली, कारण तोवर नायक खऱ्या अर्थाने बाँड झालेलाच नसतो. थॉमस न्यूमन यांच्या ‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) ॲडेल यांच्या गाण्याची चाल पार्श्वसंगीतात जेमतेम डोकावते, बॅरींच्या चाहत्यांना नेमके तेच खटकते. त्यांच्या ‘स्पेक्टर’मध्ये (२०१५) ‘स्कायफॉल’चेच काही तुकडे पुन्हा आले, ही तक्रारही रास्त आहे. हान्स झिमर यांनी ‘नो टाइम टू डाय’मध्ये (२०२१) १९६९ च्या चित्रपटातली शीर्षकधून आणि आर्मस्ट्राँग यांचे गाणे, दोन्ही परत आणली.