प्रत आणि परवाना : लिनक्सच्या प्रसारेतिहासातील एक प्रश्न

मुक्त कार्यप्रणालींचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा परवान्यांच्या तात्त्विक चर्चेपासून आरंभ करतात. आज्ञावली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व इतरांस देण्याचा हक्क परवान्याने मिळतो, हे खरेच. तथापि प्रत हाती पडल्यावाचून यांपैकी एकही हक्क बजावता येत नाही. कार्यप्रणालीच्या स्थापनेस लागणाऱ्या फाइली वापरणाऱ्यापर्यंत कशा पोचल्या आणि त्या पोचविण्याचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न म्हणूनच गौण मानता येत नाही. लिनक्सच्या बाबतीत या प्रश्नाने परवान्याचे स्वरूपच पालटले, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

याची पूर्वपीठिका अमेरिकेत आढळते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये त्यांच्या ईमॅक्स या संपादकाची प्रत संगणक-जालावरून विनामूल्य घेता येत असे; परंतु ज्यांना जाल उपलब्ध नव्हते त्यांच्यासाठी ते चुंबकीय फितीवरील प्रत १५० डॉलरला देत. यात त्यांना विसंगती वाटली नाही. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. प्रत करून पाठविण्याचे मोल घेतले तरी घेणाऱ्याचे स्वातंत्र्य उणे होत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांची प्रारंभीची भूमिका याहून निराळी होती. सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती फिनलंडमधील विद्यापीठीय जालाच्या फ्यूनेट या भांडारात ठेवण्यात आली. टॉरवल्ड्स यांच्या मनात ‘फ्रीक्स’ हे नाव होते. ‘लिनक्स’ हे नाव त्या भांडाराची व्यवस्था पाहणाऱ्या अरी लेम्के यांनी फाइलींच्या कप्प्यास दिले. म्हणजे ज्या नावाने ही प्रणाली जगास परिचित झाली, तेही वितरणाच्या व्यवस्थेतूनच आले. ही आवृत्ती सुमारे १०,००० ओळींची होती आणि ती सिद्ध करण्यास मिनिक्स ही दुसरी प्रणाली आधी हाताशी असावी लागे. तिच्या परवान्यात मूल्य घेण्यास मनाई होती. किंबहुना प्रत करून देण्याच्या खर्चापोटीही काही घेता येत नसे.

वरकरणी ही अट उदार भासते. पण तिचा परिणाम उलटा होता. ज्यांना जाल उपलब्ध होते त्यांना तिची झळ लागली नाही. ज्यांना ते नव्हते त्यांना फ्लॉपीवरील प्रतीवाचून गत्यंतर नव्हते, आणि फ्लॉपीला पैसे पडतात. युनिक्सच्या अभ्यासकांच्या मेळाव्यांत प्रती वाटू इच्छिणाऱ्यांनी निदान तेवढा खर्च भरून काढता यावा अशी मागणी केली. फेब्रुवारी १९९२ पासून लिनक्सला ग्नूचा सार्वजनिक परवाना लागू झाला, त्यामागे ही मागणी हे एक प्रमुख कारण होते. प्रत विकण्याची मुभा मिळाली, तरी पुढील हक्क रोखण्याची मुभा मिळाली नाही.

यानंतर तयार संच निघू लागले. १९९२ मध्ये मँचेस्टरच्या संगणक-केंद्रातून ओवेन ल ब्लांक यांचा संच आला. जुलै १९९३ मध्ये निघालेला पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचा स्लॅकवेअर २४ फ्लॉपींचा होता. प्रत्येक फ्लॉपीची प्रतिमा उतरवून ती कोऱ्या फ्लॉपीवर लिहावी लागे, आणि त्यांतील एक सदोष निघाली तरी स्थापना अडून बसे.

हिंदुस्थानातील परिस्थितीवरून या अडचणीचे मान ध्यानी येते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई आदी शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट-सेवा सुरू केली. सेकंदास ९,६०० बिट हा दूरध्वनीवरील वेग अखंड मिळाला असे गृहीत धरले, तरी एका फ्लॉपीस सुमारे २० मिनिटे, २४ फ्लॉपींस ८ तास आणि ६५० मेगाबाइटच्या तबकडीस सव्वासहा दिवस लागतात. साहजिकच येथे लिनक्सचा प्रसार संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या तबकड्यांनी आणि मित्रांनी परस्परांस करून दिलेल्या प्रतींनी झाला. पुढे २००४ मध्ये निघालेल्या उबुंटूच्या चालकांनी मागेल त्यास टपालाने विनामूल्य तबकडी पाठविण्याचा उपक्रम चालविला. तो २०११ मध्ये बंद झाला.

वेगवान जाल आल्यावर वाहतुकीचा प्रश्न पुष्कळ अंशी मिटला, पण खरेपणाचा प्रश्न पुढे आला. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन तेथील दुवे भेसळ केलेल्या प्रतीकडे वळविण्यात आले. पोथ्यांचा अभ्यासक अनेक प्रती ताडून प्रक्षेप ओळखतो. येथे फाइलीवरून काढलेला पडताळा-अंक तेच काम करतो, कारण एका बिटाचा फरक पडला तरी तो बदलतो. मात्र फाइल व अंक दोन्ही एकाच ठिकाणाहून घेतले आणि तेथेच घुसखोरी झाली असली, तर पडताळा व्यर्थ ठरतो. यासाठी अंकावर कर्त्यांची सांकेतिक स्वाक्षरी असावी लागते, आणि ती स्वाक्षरी तपासण्याची किल्ली विश्वासार्ह मार्गाने मिळालेली असावी लागते.

या विवेचनावरून असे दिसते की, मुक्त कार्यप्रणालीचे स्वातंत्र्य तीन गोष्टींवर अवलंबून असते : परवान्याची अनुज्ञा, प्रत पोचविण्याची सोय आणि प्रतीच्या खरेपणाची खातरजमा. पहिलीची कागदपत्रे आज सहज मिळतात. उरलेल्या दोहोंची साधने, म्हणजे जुन्या फ्लॉपी, मासिकांच्या तबकड्या व त्यांवरील हस्ताक्षरातील चिठ्ठ्या, घरोघरी नष्ट होत आहेत. फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद कालांतराने पुसट होत जाते. विद्यापीठीय ग्रंथालयांनी ही सामग्री वेळीच जमविली नाही, तर येथील प्रसाराचा इतिहास केवळ परदेशी भांडारांच्या नोंदींवरून लिहावा लागेल, आणि त्या नोंदींत येथे हातोहात फिरलेल्या प्रतींचा उल्लेख सापडणार नाही.