दिलेल्या शब्दाची किंमत

१९९१ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री झाक पोस यांनी काढलेले उद्गार पुढे फार गाजले. युरोपीय समुदायाचे अध्यक्षपद त्या वेळी लक्झेंबर्गकडे होते. स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांनी २५ जून रोजी युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि रणगाडे रस्त्यांवर आले होते. ही घटका युरोपची आहे, अमेरिकेची नव्हे, असा त्या उद्गारांचा आशय होता. त्यात केवळ बढाई होती, असे आम्हांस वाटत नाही. बर्लिनची भिंत पडून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. आपल्या अंगणात लागलेली आग आपण विझवावी, ही इच्छा स्वाभाविक, किंबहुना स्तुत्य होती. परंतु चार वर्षांनी, ११ जुलै १९९५ रोजी, पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे गाव पडले आणि पुढील काही दिवसांत तेथील आठ हजारांच्या आसपास मुसलमान पुरुष व मुलगे ठार मारले गेले. या दोन तारखांमधील अंतर कशामुळे पडले, हे पाहिल्यावाचून युरोपच्या परराष्ट्र व सुरक्षा धोरणाचा इतिहास उलगडत नाही.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी फ्रान्स व जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक सत्तेखाली आणण्याची योजना मांडली. शुमान, जर्मनीचे आडेनाउअर आणि इटलीचे दे गास्पेरी हे तिघेही सरहद्दीच्या मुलखांची दुःखे जाणणारे श्रद्धावंत कॅथोलिक होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. कोळसा-पोलादाची योजना यशस्वी झाली. तिच्याच धर्तीवर सहा देशांचे एक सैन्य उभारण्याचा करार २७ मे १९५२ रोजी पॅरिसमध्ये झाला. ही कल्पना मुळात फ्रान्सची. पण ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच लोकसभेने ती ३१९ विरुद्ध २६४ मतांनी फेटाळली. दे गास्पेरी त्या आधी अकराच दिवस निवर्तले होते. पुढच्या वर्षी पश्चिम जर्मनी नाटोत दाखल झाली आणि युरोपच्या संरक्षणाची मुख्य जबाबदारी अमेरिकेच्या खांद्यावर राहिली.

यातून एक विचित्र श्रमविभागणी रूढ झाली. व्यापार, शेती, जकात यांत युरोप एक. युद्ध आणि शांतता यांत ज्याचा तो स्वतंत्र. १९७० पासून परराष्ट्रमंत्री नियमाने भेटू लागले, संयुक्त निवेदने निघू लागली. १९८० च्या व्हेनिस येथील जाहीरनाम्यात त्यांनी पॅलेस्टिनी जनतेच्या आत्मनिर्णयाच्या हक्काचा पुरस्कार केला. निवेदने विचारपूर्वक लिहिलेली असत; मात्र शब्द खरा करून दाखवण्याची वेळ आल्यास काय करायचे, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नसे. अमेरिकेच्या छत्राखाली तो विचारण्याची गरजही भासत नव्हती.

युगोस्लाव्हियाने तो प्रश्न विचारला. आरंभी युरोपच्या मध्यस्थांना यश आले. ७ जुलै १९९१ च्या ब्रिओनी करारामुळे स्लोव्हेनियातील दहा दिवसांचे युद्ध थांबले. पण क्रोएशियात आग पसरली आणि सुमारे तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर नोव्हेंबरमध्ये वुकोवार शहर उद्ध्वस्त होऊन पडले. डिसेंबरमध्ये मास्ट्रिक्ट येथे युरोपचे नेते समान परराष्ट्र व सुरक्षा धोरणाच्या मसुद्यावर एकमत करीत होते. त्याच महिन्यात, या नव्या राज्यांना मान्यता द्यावी की नाही यावर त्यांच्यात तीव्र मतभेद चालू होते. मान्यतेसाठी १५ जानेवारी १९९२ हा दिवस ठरला असता जर्मनीने २३ डिसेंबरलाच आपला निर्णय जाहीर केला. न्यायमूर्ती बादँतेर यांच्या आयोगाने स्लोव्हेनिया व मॅसिडोनिया हे दोन देश अटी पूर्ण करतात असे मत दिले आणि क्रोएशियातील अल्पसंख्याकांच्या संरक्षणात उणीव दाखवली. प्रत्यक्षात मान्यता क्रोएशियाला मिळाली. ग्रीसच्या विरोधामुळे मॅसिडोनिया बाहेर राहिला. नियम आपणच करायचे आणि आपणच बाजूला ठेवायचे, असा हा प्रकार झाला.

येथे आपणही आपल्याकडे पाहिले पाहिजे. क्रोएशिया हा कॅथोलिक देश. वुकोवारच्या बातम्यांनी जगभरच्या कॅथोलिकांची मने हेलावली, आणि व्हॅटिकनने युरोपीय समुदायाच्या दोन दिवस आधी, १३ जानेवारीला, दोन्ही राज्यांना मान्यता दिली. ती सहानुभूती खोटी नव्हती. पण ९ नोव्हेंबर १९९३ रोजी मोस्तार येथील सोळाव्या शतकातील ऐतिहासिक पूल तोफांनी पाडला, तो क्रोएट सैन्यानेच. पीडितांची बाजू घ्यायची, तर त्यांचा धर्म विचारून ती घेता येत नाही, हे त्या पुलाच्या दगडांनी सांगितले.

बोस्नियाला ६ एप्रिल १९९२ रोजी युरोपने मान्यता दिली. मान्यता म्हणजे एक प्रकारे शब्दच होता. परंतु त्यामागे संरक्षण नव्हते. उलट, सप्टेंबर १९९१ पासून संपूर्ण युगोस्लाव्हियाला लागू असलेली शस्त्रबंदी या नवजात राज्यावरही कायम राहिली. जुन्या सैन्याच्या तोफा मात्र बव्हंशी सर्ब पक्षाच्या हाती गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पुढे आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. जेथे राखण्याजोगी शांतताच नाही, तेथे शांतिसेना काय राखणार, ही अडचण पहिल्या वर्षापासूनच या सेनेपुढे उभी होती.

१६ एप्रिल १९९३ रोजी सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्सा हे ‘सुरक्षित क्षेत्र’ घोषित केले. मे महिन्यात आणखी पाच शहरे त्या यादीत आली. ही क्षेत्रे खात्रीने राखण्यास सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील, असा हिशोब संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी मांडला. सदस्य राष्ट्रांनी ७,६०० सैनिकांचा स्वस्त पर्याय पसंत केला. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म या दोन आकड्यांत आहे. गावातील लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवावीत असे ठरले आणि त्यांच्या रक्षणासाठी हलक्या शस्त्रांची एक डच तुकडी पुढे तेथे राहिली. शब्द चौतीस हजारांचा होता, त्याच्या पाठीशी उभे केलेले बळ साडेसात हजारांचे. जुलै १९९५ मध्ये जनरल म्लादिच यांचे सैन्य चालून आले तेव्हा हवाई मदत उशिरा व अपुरी आली. पोतोचारी येथील डच तळाच्या दारातून पुरुषांना बायकामुलांपासून वेगळे करण्यात आले.

युद्ध अखेर थांबले ते नाटोच्या विमानहल्ल्यांनंतर आणि अमेरिकेतील डेटन येथे झालेल्या वाटाघाटींनी. ‘युरोपची घटका’ अमेरिकेच्या हवाईतळावर संपली. त्या तुकडीवर सारा दोष टाकून मोकळे होणे सोपे होते. पण एप्रिल २००२ मध्ये अधिकृत संशोधन अहवाल प्रसिद्ध झाल्यावर नेदरलँड्सचे पंतप्रधान विम कोक यांच्या सरकारने राजीनामा दिला. २०१९ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तळावरून बाहेर जावे लागलेल्या ३५० पुरुषांच्या बाबतीत शासनाला दहा टक्के उत्तरदायी ठरवले. दहा टक्के हे माप कोणत्याही आईला पटणार नाही. तथापि, शब्द देणाऱ्यावर दायित्व येते, एवढे तत्त्व तरी त्यातून सिद्ध झाले.

या लज्जेतूनच युरोपच्या सुरक्षा धोरणाला आकार आला. ४ डिसेंबर १९९८ रोजी सँ-मालो येथे ब्लेअर व शिराक यांनी स्वतंत्र लष्करी क्षमतेची गरज मान्य केली. १९९९ मध्ये हाविएर सोलाना यांच्याकडे समान धोरणाची धुरा आली आणि साठ दिवसांत साठ हजार सैनिक पाठवता येतील अशी तयारी करण्याचे हेलसिंकीत ठरले. २ डिसेंबर २००४ रोजी बोस्नियातील शांतता राखण्याचे काम नाटोकडून युरोपीय संघाच्या सुमारे सात हजार सैनिकांनी स्वीकारले. लिस्बन करार २००९ मध्ये अंमलात आला आणि संघाला परराष्ट्र व्यवहारासाठी स्वतःची सेवा मिळाली.

परंतु संस्था उभ्या राहिल्या म्हणजे इच्छा एक होतेच असे नाही. २००३ मध्ये इराकच्या प्रश्नावर युरोप सरळ दुभंगला. २००७ पासून सज्ज ठेवलेली शीघ्र पथके पुढे अनेक वर्षे एकदाही रणभूमीवर गेली नाहीत. परराष्ट्र धोरणात एकमताची अट राहिली, म्हणजे सत्तावीसपैकी एकाचा नकार पुरेसा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा मात्र चार दिवसांच्या आत संघाने प्रथमच आपल्या निधीतून मारक शस्त्रे पुरवण्याचा निर्णय घेतला. त्या निधीचे नाव ‘युरोपीय शांतता सुविधा’ असावे, यातील विसंगती वाचकांच्या ध्यानात येईलच. मार्च २०२५ मध्ये आयोगाने ८०० अब्ज युरोपर्यंत संरक्षणखर्च उभारण्याची योजना मांडली.

शस्त्रांचे आकडे वाढले याचा आनंद मानावा, असे आम्ही म्हणणार नाही. शुमान यांचे मूळ स्वप्न शस्त्रांची गरजच उरू नये हे होते. तरीही, दुबळ्याला ‘तू सुरक्षित आहेस’ असे सांगून त्याच्या हातची काठी काढून घेणे आणि संकट येताच मान फिरवणे, यापेक्षा स्पष्ट नकार अधिक प्रामाणिक ठरला असता. शब्द देण्यापूर्वी त्याची किंमत मोजायची, आणि दिल्यावर ती चुकवायची, हाच स्रेब्रेनित्साचा धडा होय.

पोतोचारी येथील स्मशानभूमीत दरवर्षी ११ जुलैला, ओळख पटलेल्या नव्या अस्थींचे दफन होते. कित्येक मातांनी मुलाच्या एकदोन हाडांचीच पेटी मातीआड केली आहे. युरोपच्या धोरणाची परीक्षा कोठे घ्यावी असे कोणी विचारले, तर आम्ही त्यांना त्या पांढऱ्या शिळांपाशी नेऊ.